महजर आणि उलटतपासणी

ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. अदालत, वकील, फिर्याद हे तिथले शब्द आपल्या ओळखीचे. खटल्याची पद्धत मात्र इंग्रजांची.

आदिलशाहीत आणि नंतर मराठेशाहीत वतनाचे तंटे मजलिशीत सुटत. काझी, देशमुख, पाटील साक्षी घेत, महजर लिहून देत. गुन्ह्याची चौकशीही अंमलदार स्वतः करीत. सत्य शोधणे हे निवाडा करणाऱ्याचेच काम होते. पण दिव्याच्या वेळी तापल्या तेलात हात घालावा लागे.

इंग्रजी पद्धतीत दोन्ही बाजू झुंजतात, न्यायाधीश ऐकतो. आरोपीला उलटतपासणीचा हक्क मिळाला, ही मोठी कमाई. पण साक्षीदारच भीतीने उलटले तर? २००२ च्या बडोद्यातील बेस्ट बेकरी हत्याकांडात १४ माणसे गेली. २००३ मध्ये सर्व २१ आरोपी सुटले. न्यायाधीशाने मूक प्रेक्षक राहू नये, असे बजावून सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये फेरखटला महाराष्ट्रात चालवायला लावला. २००६ मध्ये मुंबईत ९ जण दोषी ठरले. २०१२ मध्ये त्यांपैकी ५ अपिलात सुटले.

स्वतः प्रश्न विचारण्याचा अधिकार न्यायाधीशाला १८७२ च्या पुरावा कायद्यानेच दिला होता; आजच्या कायद्यातही तो आहे. दुबळ्या फिर्यादीला विचारणारा न्यायाधीश हवा आणि एकट्या आरोपीला झुंजणारा वकील. आपल्याला दोन्ही हवेत.