उंडेऱ्याची लस आणि संमतीचा प्रश्न

बडोद्याच्या शेजारचे उंडेरा गाव आपल्यापैकी अनेकांना परिचित आहे. वैद्यकाच्या इतिहासात मात्र त्याची नोंद १८९८ सालच्या एका प्रयोगामुळे झाली, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस मुंबईत सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. लवकरच भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा सुमारे निम्मे कैदी लस घेण्यास स्वखुशीने पुढे आले. भोवती मरण आणि दाराला कुलूप, अशा स्थितीतल्या होकारास ‘स्वखुशी’ म्हणावे काय? माझे मन साशंक आहे. तथापि पुण्यात त्याच वर्षी घरोघर गोरे शिपाई घुसवून जी सक्ती झाली आणि जिचे पर्यवसान रँडच्या वधात झाले, तिच्या तुलनेत भायखळ्यास निदान विचारणा झाली, हे मान्य केले पाहिजे.

शास्त्रदृष्ट्या अडचण निराळीच होती. आपण होऊन पुढे येणारा मनुष्य मुळातच सावध वा धट्टाकट्टा असू शकतो. मग तो वाचला याचे श्रेय लसीला कसे द्यावे? उंडेऱ्यात हाफकिन व बॅनरमन यांनी यावर तोड काढली. प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्यांना लस टोचली, उरलेल्यांना नाही. घर तेच, चूल तीच. पुढे ज्या २८ कुटुंबांत प्लेग आला, त्यांतील लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले व ३ दगावले. न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले. त्यांतला एकच वाचला.

लसीचा गुण सिद्ध झाला, असे म्हणून इतिहासकार येथून पुढे जातात. मला त्या २६ मृतांपाशी थांबावेसे वाटते. प्रयोगात तेही सहभागी होतेच; किंबहुना त्यांच्यावाचून लस घेतलेल्यांच्या आकड्यांना अर्थच उरत नव्हता. पण हात पुढे करणारा आणि ज्याचा हात तुलनेसाठी तसाच ठेवला गेला तो, या दोघांना एकाच अर्थाने स्वयंसेवक म्हणता येत नाही. लेखी संमतीची रीत तेव्हा रूढ नव्हती. स्वेच्छेने दिलेली संमती अनिवार्य आहे, हे तत्त्व न्यूरेंबर्गच्या न्यायासनाने १९४७ साली अग्रस्थानी मांडले. आपल्याकडे २०१९ च्या नियमांनुसार औषधाच्या चाचणीत भाग घेणाऱ्यास सर्व माहिती देऊन त्याची लेखी संमती घ्यावी लागते. आपल्या वाट्यास खरे औषध येईल अथवा येणारही नाही, हे त्याला आरंभीच सांगावे लागते; आणि वाटेल तेव्हा बाहेर पडण्याची त्याला मुभा असते.