रांजणांतली मुले: इनामगावच्या हाडांतून दिसणारे आरोग्य

दख्खनच्या पहिल्या शेतकऱ्यांची तब्येत कशी होती, याचा सर्वांत मोठा पुरावा पुणे जिल्ह्यातील इनामगावी मिळाला आहे. कल्याणहून माळशेज घाट चढून जुन्नरच्या अंगाने पूर्वेला गेले की घोड नदीचे खोरे लागते; शिरूर तालुक्यातले हे गाव त्याच नदीच्या काठी आहे. ठाणे-कल्याणच्या खाडीपट्ट्यात असा पुरावा सापडणे अवघड, कारण धो धो पावसात आणि आम्लधर्मी मातीत हाडे विरघळून जातात. घाटावरच्या कोरड्या, चुनखडीच्या जमिनीत ती टिकली.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात येथे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया आणि म. के. ढवळीकर ही त्यातली प्रमुख नावे. इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० एवढा काळ येथे वस्ती होती. लोक जव, गहू, मसूर पिकवत, गुरे आणि शेळ्यामेंढ्या पाळत. पाणी वळवण्यासाठी त्यांनी पाटही खणला होता.

मेलेल्यांना ते घरातच पुरत. प्रौढांचे दफन आडवे, बहुधा पावले घोट्यापासून तोडून. मृतात्म्याने निघून जाऊ नये अशी त्यामागची समजूत असावी, असे ढवळीकरांचे मत होते. लहान मूल गेले की दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत त्याला ठेवत आणि घराच्या जमिनीखाली पुरत. उत्खननात अडीचशेहून अधिक दफने मिळाली आणि त्यांत मुलांचीच फार मोठी संख्या होती. इतक्या मुलांचे सांगाडे एका वस्तीत मिळणे भारतीय पुरातत्त्वात दुर्मीळ आहे.

मुलाच्या सांगाड्यात वयाचे दोन हिशेब असतात. दात ठरल्या क्रमाने घडतात, उपासमारीतही त्यांचा क्रम फारसा चुकत नाही. हाडांची लांबी मात्र लगेच मागे पडते. म्हणून दातांवरून वय काढायचे आणि मांडीचे हाड त्या वयाला किती लांब हवे होते ते पाहायचे. दाताचे वेष्टण, म्हणजे इनॅमल, एकदा तयार झाले की पुन्हा भरून येत नाही. ते घडत असताना आजार किंवा कुपोषण झाले तर त्यावर खळगा किंवा रेघ राहते. दुधाच्या दातांचे वेष्टण गर्भातच बनू लागते, त्यामुळे आईची प्रकृतीही त्यात नोंदली जाते. जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी इनामगावच्या दातांवर याच दृष्टीने दीर्घकाळ काम केले.

धान्याचाही परिणाम दातांवर होतो. पिठूळ अन्न दातांना चिकटते आणि कीड लागते. शिकार व कंदमुळांवर जगणाऱ्यांपेक्षा शेतकऱ्यांचे दात जास्त किडलेले आढळतात, हे जगभर दिसते. फरक दातांपुरताच नव्हता: गंगेच्या खोऱ्यातील सराई नाहर राय व महादहा येथील, शेतीआधीची मध्याश्मयुगीन माणसे उंच आणि दणकट हाडांची होती.

इनामगावात इ.स.पू. १००० नंतरचा काळ, म्हणजे तिथल्या जोर्वे संस्कृतीचा उत्तर टप्पा, सर्वांत बिकट दिसतो. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि शिकारीवरचा भर वाढला. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या काळातल्या मुलांची वाढ खुंटलेली आणि शरीरे किडकिडीत असल्याचे मांडले. ढवळीकरांनी या ऱ्हासाचे कारण कोरड्या पडत गेलेल्या हवामानात शोधले होते. शुग यांच्या मते एकट्या पावसाला दोष देऊन भागत नाही.

या पुराव्याचा अर्थ लावताना मात्र फार जपावे लागते. मुलांची दफने जास्त म्हणजे मृत्यूच जास्त, असे सरळ धरता येत नाही. शेतीत स्थिरावल्यावर जन्मही वाढतात आणि जिथे मुले पुष्कळ, तिथे त्यांची थडगीही पुष्कळ. शिवाय दातावर रेघ उमटायला मुलाला तो आजार सोसून जगावे लागते. ज्याला तेवढाही वेळ मिळाला नाही, त्याचे दात नितळच राहतात.