कुकडीकाठचे दगड आणि डावरा हात

जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी बोरी बुद्रुक आहे. तिथल्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला आणि १९८०च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधल्या संशोधकांनी या गावाकडे मोर्चा वळवला. राखेच्या सोबतीला अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारं होती. राख सह्याद्रीची नव्हती; ती आली होती थेट सुमात्रातून, तोबा ज्वालामुखीच्या स्फोटातून. तिच्या वयावरून मात्र तज्ज्ञांचं जमेना. कुणी चौदा लाख वर्षं म्हणालं, कुणी पावणेसात लाखांच्या आसपास, तर राखेचं रसायन तपासणाऱ्यांनी तिला जेमतेम ७५ हजार वर्षांवर आणून ठेवलं. वय काहीही निघो, या खोऱ्यात माणसाच्या हाताने काम केल्याचा हा फार जुना पुरावा आहे.

हात कोणता, डावा की उजवा?

दगडाला असा प्रश्न विचारता येतो, हे निकोलस टॉथ या अमेरिकी पुरातत्त्वज्ञाने १९८५ साली दाखवलं. एका हातात हातोडीचा दगड, दुसऱ्यात फोडायचा दगड. कपचे काढताना हा दुसरा दगड एकाच दिशेने फिरत जातो आणि निघालेल्या कपच्यावर मूळ पृष्ठभाग कोणत्या बाजूला उरला, यावरून ती दिशा कळते. केनियातल्या कूबी फोराच्या कपच्यांत ५७ विरुद्ध ४३ असं उजवं पारडं जड निघालं. दगड फोडण्याच्या पद्धतीवरही हे अवलंबून असतं, असा आक्षेप लगेच आला आणि तो रास्त आहे. दातांची साक्ष जास्त भरवशाची. मांस दातांत धरून धारदार दगडाने कापताना हात घसरला की पुढच्या दातांवर तिरके ओरखडे उठतात. युरोपातल्या निअँडरथल माणसांच्या दातांवर बहुतेक ओरखडे उजव्या हाताचे आहेत. थोडे डाव्या हाताचेही आहेत.

म्हणजे उजव्यांचं बहुमत जुनं, आणि डाव्यांची अल्पसंख्या तितकीच जुनी.

बहुमताला धर्माचं वजन नंतर मिळालं. जुन्नरजवळच्या तुळजा लेण्यात बारा अष्टकोनी खांबांचं गोल चैत्यगृह आहे; मधल्या स्तूपाला उजव्या हाताला ठेवूनच प्रदक्षिणा घालायची. जेवण, दान, नमस्कार, प्रसाद सगळं उजव्या हाताकडे गेलं आणि डाव्याकडे धुण्या-पुसण्याची कामं उरली. गणपतीचा न्याय मात्र उलटा. अष्टविनायकांतले ओझर आणि लेण्याद्री याच तालुक्यात. पण कडक सोवळ्याचा म्हणून धाक असलेला उजव्या सोंडेचा गणपती आठांत एकट्या सिद्धटेकला. घरोघरी पुजला जातो तो डाव्या सोंडेचाच!

जुन्नरी कागदावर बोरूने लिहिणाऱ्या डावऱ्या कारकुनाची पंचाईत वेगळी: ओळ डावीकडून उजवीकडे सरकते आणि ओल्या शाईवरून त्याचाच हात फिरतो. पुढे शाळा आल्या आणि हात बदलायला लावणारे मास्तर आले. हा दट्ट्या जगभर होता. अमेरिकेत १९००च्या आसपास जन्मलेल्यांत डाव्या हाताने लिहिणारे तीन-चार टक्के, तर शतकाच्या मध्यानंतर जन्मलेल्यांत अकरा-बारा टक्के. एवढ्यात जनुकं बदलत नाहीत. धाक कमी झाला. आणि एकाच माणसाचा हात कामागणिक बदलूही शकतो: सचिन तेंडुलकर फलंदाजी उजव्या हाताने करायचा, सही मात्र डाव्या हाताने करतो.

हात ठरतो तो शाळेच्या कितीतरी आधी. पीटर हेपर या संशोधकाने, गर्भात असताना सोनोग्राफीत अंगठा चोखताना दिसलेली ७५ मुलं दहा-बारा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. उजवा अंगठा चोखणारी साठच्या साठ उजवी निघाली. डावा चोखणाऱ्या पंधरांपैकी दहा डावरी, पाच उजवी. २०१७ साली जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठातल्या संशोधकांनी आणखी मागे जाऊन पाहिलं. गर्भाच्या आठव्या ते बाराव्या आठवड्यात हाताच्या हालचाली सांभाळणाऱ्या मज्जारज्जूच्या भागात डाव्या-उजव्या बाजूंची जनुकं वेगवेगळ्या प्रमाणात चालू असतात, आणि तेव्हा मेंदूच्या हालचाल-केंद्राशी त्याची जोडणीही झालेली नसते. फरक जनुकांच्या अक्षरांत नाही, त्यांच्यावर बसलेल्या रासायनिक खुणांत आहे. कोणतं जनुक किती बोलेल, हे या खुणा ठरवतात. यालाच एपिजेनेटिक्स म्हणतात.

डावरेपणाचं एकच जनुक शोधणाऱ्यांची निराशा झाली. सतरा लाखांहून अधिक लोकांच्या तपासणीत डावरेपणाशी जोडलेल्या ४१ जागा सापडल्या आणि प्रत्येकीचा वाटा अगदी किरकोळ. त्यांतल्या काही पेशींचा सांगाडा उभारणाऱ्या सूक्ष्मनलिकांशी संबंधित आहेत. कोण डावरा निघेल यात सगळा वारसा मिळून पाव हिस्साच भरतो. म्हणून तर एकाच बीजाच्या जुळ्यांतही कितीदा एक उजवा निघतो आणि एक डावरा.