नाईल नदी : शिलालेख, ग्रंथ आणि एका कुटुंबप्रमुखाची पत्रे

प्राचीन इजिप्तविषयी बोलणे निघाले, की हेरोडोटसचे नाव हटकून येते. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातील ह्या ग्रीक इतिहासकाराने इजिप्तला नदीची देणगी म्हटले आणि ते विधान पुढे शालेय पुस्तकांपर्यंत पोहोचले. परंतु त्याच्या ग्रंथात ते ज्या ठिकाणी येते तेथे विषय भूगोलाचा आहे. नदीने आणलेल्या गाळाने उत्तरेकडील जमीन घडविली, एवढाच त्याचा मूळ आशय. पुढे मात्र तो असेही सांगतो, की मेंफिसच्या खालच्या प्रदेशातील शेतकऱ्यांना जगात सर्वांत कमी कष्टांत पीक मिळते : नदी आपणहून शेत भिजविते, बी पेरून वाट पाहावी एवढेच काम. हे पाहुण्याचे निरीक्षण आहे. त्यास घरच्या माणसांची साक्ष जोडून पाहिली पाहिजे.

नाईलचा पूर प्रामुख्याने इथिओपियाच्या डोंगराळ प्रदेशातील पावसाळ्यातून येत असे. जूनच्या सुमारास पाणी चढू लागे, सप्टेंबरपर्यंत शेते बुडत आणि पाणी ओसरले की काळ्या गाळात पेरणी होई. इजिप्तमध्ये पाऊस जवळजवळ नाहीच. त्यामुळे वर्षाची भाकरी पाण्याच्या उंचीवर ठरे. म्हणूनच राज्यसत्तेने ही उंची फार जुन्या काळापासून मोजली. सिसिलीतील पालेर्मो येथे ज्याचा मोठा तुकडा आहे, त्या पाचव्या राजवंशाच्या काळच्या शिलालेखात प्रत्येक वर्षाच्या चौकटीत राजाची कृत्ये कोरलेली असून त्यांच्याखाली पुराची उंची हात, तळहात आणि बोटे ह्या मापांत दिलेली आहे. पुढे रोमन लेखक प्लिनी ह्याने ह्या मापांचा अर्थच सांगून टाकला : बारा हात पाणी म्हणजे दुष्काळ, तेरा हात म्हणजे अजूनही उपासमार, सोळा हात म्हणजे आनंदीआनंद. ह्याहून अधिक झाले, तर पाणी वेळेवर ओसरत नसे आणि पेरणी हुकत असे.

आकड्यांमध्ये माणसे दिसत नाहीत. ती दिसतात हेकानख्त नावाच्या एका गृहस्थाच्या पत्रांत. ही पत्रे हर्बर्ट विनलॉक ह्यांच्या पथकाला १९२१-२२ मध्ये थीब्जजवळील एका थडग्यात मिळाली. ती सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची आहेत. हेकानख्त एका मृत प्रधानाच्या समाधीची पूजाअर्चा पाहणारा आणि शेतीही करणारा माणूस. कामानिमित्त परगावी असताना तो घरी लिहितो, की ह्या वर्षी पूर कमी आला आहे, म्हणून प्रत्येकाचा शिधा कमी करीत आहे. मग तो घरातील माणसांची नावे घेऊन कोणाला किती धान्य द्यायचे ह्याची यादीच देतो. कुरकुर करणाऱ्यांना दटावतो, जो काम करील त्यालाच शिधा द्या असे बजावतो आणि कोणती जमीन खंडाने घ्यायची हेही कळवितो. कमी कष्टांत पीक मिळते, हे हेरोडोटसचे म्हणणे ह्या घरात कोणालाही पटले नसते.

ही पत्रे प्रसिद्धीसाठी लिहिलेली नव्हती, म्हणूनच ती अधिक विश्वसनीय वाटतात. उलट, आस्वानजवळील सेहेल बेटावरच्या खडकावर कोरलेला प्रसिद्ध 'दुष्काळाचा लेख' जगाला दाखविण्यासाठीच आहे. तो १८८९ साली चार्ल्स विल्बर ह्यांच्या दृष्टीस पडला. जोसेर राजाच्या काळात सात वर्षे नाईलला पूर आला नाही. मग ख्नूम देवाने राजाला स्वप्नात दर्शन दिले आणि राजाने देवाच्या मंदिराला नदीकाठचा प्रदेश व त्याचे उत्पन्न बहाल केले, असे त्यात म्हटले आहे. सात वर्षे, राजा, स्वप्न आणि दुष्काळ! वाचणाऱ्याला लगेच योसेफ आठवतो आणि उत्पत्तीच्या पुस्तकाला दगडाचा पुरावा मिळाला, असे काहींना वाटते.

येथे थोडे थांबले पाहिजे. हा लेख जोसेरनंतर दोन हजारांहून अधिक वर्षांनी, टॉलेमी राजांच्या काळात कोरला गेला, हे अभ्यासकांनी त्याच्या भाषेवरून व लिपीवरून ठरविले आहे. मंदिराचा जमिनीवरील हक्क प्राचीन ठरविणे, हा त्याचा हेतू दिसतो. सात वर्षांच्या दुष्काळाची कल्पना तर मेसोपोटेमियाच्या वाङ्मयातही आढळते. जोसेरच्या काळाविषयी ह्या लेखाची साक्ष दुबळी आहे; परंतु तो कोरणाऱ्यांच्या काळी जमीन, मंदिर आणि नदी ह्यांचे नाते कसे होते, ह्याविषयी ती भक्कम आहे.

उत्पत्तीच्या पुस्तकालाही असेच प्रश्न विचारावे लागतात. त्यात श्रद्धेला धक्का नाही. लेखकाचा हेतू जाणण्यासाठी वाङ्मयप्रकार लक्षात घ्यावा, असे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली 'देई व्हेरबुम' ह्या दस्तऐवजात सांगितलेच आहे. एकेचाळिसाव्या अध्यायात पुष्ट गायी आणि रोड गायी नदीतूनच वर येतात. सुकाळ आणि दुष्काळ एकाच पाण्यातून येतात, हे निवेदकाला ठाऊक आहे. नदीसाठी तेथे आलेला हिब्रू शब्दही इजिप्शियन भाषेतून घेतलेला आहे.

त्याहून महत्त्वाचा आहे सत्तेचाळिसावा अध्याय, जो आपण क्वचितच वाचतो. धान्यासाठी लोक आधी पैसे देतात, मग गुरेढोरे, मग जमीन आणि शेवटी स्वतःला. पुरोहितांच्या जमिनी तेवढ्या सुटतात. कोठारे भरून योसेफाने प्राण वाचविले, हे खरे. पण त्या वाचण्याची किंमत कोणी चुकविली, हेही पवित्र लेखकाने झाकून ठेवलेले नाही.

राजाच्या शिलालेखात पुराची उंची आहे, मंदिराच्या लेखात जमिनीचा हक्क आहे, प्रवाशाच्या ग्रंथात कौतुक आहे. पूर चुकलेल्या वर्षी घरातल्या कोणाच्या वाट्याला किती धान्य आले, हे मात्र हेकानख्तच्या यादीतच वाचावे लागते. नाईलने इजिप्तला काय दिले ते सांगताना ती यादीही समोर ठेवली पाहिजे.