ठाकुर्लीची टर्बाइने आणि कारखानदाराची हमी

१ मे १८५४ रोजी लोहमार्ग ठाण्याहून कल्याणपर्यंत येऊन पोहोचला आणि तेव्हापासून उल्हास नदीच्या खाडीलगतच्या चोळे, कचोरे, ठाकुर्ली या भातशेती करणाऱ्या आगरी वस्तीच्या गावांचे दैव यंत्रांशी कायमचे निगडित झाले. पुढे पाऊणशे वर्षांनी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने बोरघाट आणि थळघाट या दोन्ही घाटांतून विजेच्या गाड्या नेण्याची आपली योजना सिद्धीस नेली, तेव्हा त्या विजेसाठी लागणारे औष्णिक केंद्रही याच भूमीवर, चोळे गावाच्या शिवारात उभे राहिले. कोळशासाठी लोहमार्ग दाराशी होता, बाष्पकांसाठी पाणी जवळ होते. लोक त्याला चोळा पॉवर हाउस म्हणत, आणि त्याच्या भोवताली रेल्वेच्या नोकरांच्या ज्या वसाहती वाढल्या, त्यांची बावन चाळ, बारा बंगला ही नावे आजही रिक्षावाल्यांच्या तोंडी आहेत.

१९२९ साली कल्याण ते पुणे हा मार्ग विजेवर आला, १९३० साली इगतपुरीचा आला, आणि त्याच वर्षी १ जून रोजी डेक्कन क्वीन धावू लागली. बरोबर एका महिन्याने, १ जुलै १९३० रोजी, माल विक्रीचा कायदा अमलात आला. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. तथापि माझ्या विषयाच्या दृष्टीने त्या एकमेकींच्या शेजारी ठेवण्याजोग्या आहेत. घेणाऱ्याने आपला हेतू विक्रेत्यास सांगितला असेल आणि त्याच्या कौशल्यावर भरवसा ठेवला असेल, तर माल त्या हेतूस योग्य असलाच पाहिजे, ही गर्भित शर्त त्या कायद्याच्या १६ व्या कलमात आहे, आणि यंत्राच्या हमीसंबंधी आज जो जो वाद उपस्थित होतो, त्याचे मूळ शोधीत गेल्यास आपण बहुधा याच कलमापाशी येऊन थांबतो.

चोळ्याच्या केंद्रात वाफेने फिरणारी टर्बाइने होती. यंत्र विलायतेत घडायचे, जहाजाने यायचे, येथे जोडले जायचे आणि येथल्या कोळशावर, येथल्या पाण्यावर, येथल्या उन्हाळ्यात चालायचे. घडविणारा एक, बसविणारा दुसरा, चालविणारा तिसरा. सरकारी खरेदीत या तिघांच्या जबाबदाऱ्या वेगळ्या राखण्याची रीत फार जुनी होती: माल कारखान्यातून निघण्यापूर्वीच लंडनच्या इंडिया स्टोअर डिपार्टमेंटचे निरीक्षक तो तपासून घेत, चाचण्यांचे आकडे दप्तरी दाखल होत, आणि पुढे काही बिघडल्यास दोष कोणाच्या अंगी लावायचा याचा निवाडा त्या दप्तराच्या आधारे होई. ऐंशीच्या दशकात चोळ्याचे केंद्र बंद पडले. पण घडविणे, बसविणे आणि चालविणे यांची जबाबदारी वेगवेगळी मांडून ठेवण्याची ती रीत ठाकुर्लीच्या सख्ख्या शेजाऱ्याकडे, कल्याणच्या डिझेल शेडकडे, वारशाने आली असे मी मानतो.

टर्बोचार्जर म्हणजे मूळ तत्त्वाने टर्बाइनच. फरक इतकाच की त्याला फिरविणारी वाफ नसून इंजिनाने बाहेर टाकलेला तप्त धूर असतो. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. वाया जाणाऱ्या धुरातील शक्तीने एक चाक फिरवावे, त्याच दांड्यावर दुसरे चाक बसवून त्याकरवी बाहेरची हवा दाबून इंजिनात भरावी, आणि जास्त हवेत जास्त इंधन जाळून त्याच आकाराच्या इंजिनाकडून अधिक काम घ्यावे, इतकी ती कल्पना सरळ आहे. परंतु तिची अंमलबजावणी अत्यंत नाजूक आहे. कारण एका बाजूचे चाक ५०० अंश सेल्सिअसहून तप्त धुरात, दुसरे बाहेरच्या हवेत, आणि त्या दोहोंना जोडणारा दांडा केवळ तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. आगगाडीच्या मोठ्या इंजिनावर हा वेग मिनिटाला वीस हजार फेऱ्यांच्या आगेमागे असतो, आणि मोटारीच्या लहानशा टर्बोत तो लाखाच्याही पलीकडे जातो.

कल्याणच्या शेडमध्ये आलेली डब्ल्यूडीएम-२ जातीची इंजिने अमेरिकेतील आल्को कंपनीच्या आराखड्याची होती. १९६२ साली ती प्रथम भारतात आली आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात तयार होऊ लागली. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती, आणि आल्कोचाच टर्बो. पुढे १९६९ साली आल्कोने इंजिने बांधणे कायमचे बंद केले. ज्या कारखानदाराच्या शब्दावर हे यंत्र घेतले, तो कारखानदारच नाहीसा झाला, आणि त्याच्या इंजिनाला मात्र आपल्या देशात अजून कित्येक दशके राबायचे होते. या प्रसंगाचे महत्त्व आपल्या यंत्रेतिहासात पुरेसे ओळखले गेलेले नाही असे मला मनापासून वाटते. हमी देणारा उरला नाही, तेव्हा हमी देण्याएवढे ज्ञान आपल्या अंगी आणण्यावाचून रेल्वेला गत्यंतर नव्हते, आणि लखनौच्या संशोधन संस्थेपासून कल्याणच्या फिटरपर्यंत सर्वांनी ते आणले.

डिझेल महाग झाले तसा जुना टर्बो काढून नव्या घडणीचा, अधिक कार्यक्षम टर्बो बसविण्याचा उपक्रम रेल्वेने हाती घेतला. लिंकनची नेपिअर, बाडेनची एबीबी, फ्रान्सची हिस्पानो-सुइझा अशा निरनिराळ्या घराण्यांचे टर्बो आल्कोच्या इंजिनावर चढले. परक्या कारखानदाराचे यंत्र दुसऱ्याच कारखानदाराच्या इंजिनावर बसविण्याचा हा व्यवहार होता, आणि आज गॅरेजमधील मिस्त्री बाहेरचा टर्बो बसवितो तेव्हा जे प्रश्न उभे राहतात, ते सर्व येथे अगोदरच उभे राहिले होते. नुसता टर्बो बदलून भागत नाही हे त्यात प्रथम ध्यानी आले. हवा वाढली म्हणजे इंधन पुरविणाऱ्या पंपाचा दट्ट्या १५ मिलिमीटरवरून १७ मिलिमीटरचा करावा लागला. दाबाने तापलेली हवा थंड करणारा कूलर मोठा करावा लागला. झडपा उघडण्या-मिटण्याची वेळ बदलणारा नवा कॅमशाफ्ट घालावा लागला. पिस्टनचे माथे पोलादी करावे लागले. हा सगळा संच एकत्र बसविला तेव्हा कोठे इंधनाची बचत पदरात पडली, आणि त्याच वाटेने पुढे १९९० च्या दशकात ३१०० अश्वशक्तीची इंजिने निघाली. ज्याने संचातले एकच अंग घेतले आणि बाकीची सोडली, त्याला लाभ मिळाला नाही आणि दुखणे मात्र मिळाले.

दुखणे ओळखण्याची शेडमधली एक रीत येथे सविस्तर सांगतो, कारण तिच्यात या धंद्याचे सारे शहाणपण एकवटले आहे. इंजिन मंद गतीवर ठेवून बंद करतात. सोळा सिलिंडरांचा खडखडाट थांबतो, तरी टर्बोची बारीक शीळ ऐकू येतच राहते. कारण त्याचे चाक अद्याप आपल्या वेगानेच फिरत असते. फिटर घड्याळ हाती घेऊन कान देऊन उभा राहतो. इंजिन थांबल्यापासून चाक थांबेपर्यंत साधारण दीड ते तीन मिनिटे लागली, तर बेअरिंग निरोगी. शीळ लवकर मावळली, तर दांडा कोठेतरी घासतो आहे. हा काळ वहीत लिहावयाचा, इंजिनाचा क्रमांक घालावयाचा, आणि पुढल्या तपासणीत मागच्या आकड्याशी ताडून पाहावयाचा. त्याच वहीत तेलाच्या प्रयोगशाळेचा अहवाल, हवेचा दाब, धुराचा रंग हेही असते.

ही वही हेच हमीच्या व्यवहारातले खरे साधन होते. रेल्वेच्या प्रमाणित खरेदी-शर्तींप्रमाणे हमीची मुदत माल पोहोचल्यापासून ३० महिने किंवा तो कामाला लावल्यापासून २४ महिने, यांपैकी जी आधी संपेल ती. मुदतीत टर्बो निकामी झाला, तर तो खोलण्यापूर्वी पुरवठादारास संयुक्त तपासणीसाठी पाचारण करावयाचे, त्याच्या समक्ष यंत्र उघडावयाचे, आणि दोष घडणीचा की वापराचा हे उभयतांनी लिहून सही करावयाची. चाकाची पाती बाहेरच्या तुकड्याने छाटली गेली असतील, तर तो तुकडा बहुधा इंजिनाच्याच तुटलेल्या झडपेचा किंवा पिस्टन रिंगचा निघतो, आणि तेथे टर्बोचा कारखानदार निर्दोष ठरतो. बेअरिंग करपून काळे पडले असेल, तर तेल पोहोचले नाही, आणि का पोहोचले नाही हे वही सांगते. उलट तेल स्वच्छ, दाब पुरेसा, नोंदी सलग आणि तरी दांडा मोडला, तर धातूचा दोष कबूल केल्यावाचून कारखानदाराची सुटका नसते. फिर्यादी सरकार होते म्हणून नव्हे, तर फिर्यादीपाशी दप्तर होते म्हणून त्याला दाद मिळे.

रस्त्यावरील वाहनांचा इतिहास याहून निराळा आहे. १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिलने जेटफायर नावाची टर्बोची मोटार काढली. इंजिनात अकाली स्फोट होऊ नयेत म्हणून पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण तीत वेळोवेळी भरावे लागे. मालक ते भरण्यास विसरत, गाडी ओढेनाशी होई, आणि तक्रारी इतक्या वाढल्या की अखेर कंपनीला कित्येक गाड्यांवरचा टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून द्यावा लागला. आपल्याकडे डिझेलच्या मोटारी आणि मालमोटारी टर्बोवर आल्या त्या मुख्यतः १९९० च्या दशकात आणि त्यानंतर धुराचे निर्बंध कडक झाले तेव्हा. कसाऱ्याचा घाट चढणारे, भिवंडीच्या गोदामांतून आणि डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतून माल उचलणारे शेकडो गाडीमालक त्यामुळे या नाजूक यंत्राचे धनी झाले. पण शेडची ती वही त्यांच्या हाती कोणी दिली नाही.

पत्री पुलापासून शीळफाट्यापर्यंतच्या कोणत्याही गॅरेजात जी कैफियत ऐकू येते, तिचा आकार ठरलेला आहे. गाडी ओढत नाही, काळा धूर सोडते, मग निळा सोडते; मिस्त्री सांगतो, "शेठ, टर्बोनं ऑइल फेकलंय, शाफ्टला प्ले आलाय." कंपनीचा टर्बो महाग म्हणून बाहेरचा आणला जातो, आणि तोही थोड्याच दिवसांत तसाच जातो. मालक विक्रेत्याला दोष देतो, विक्रेता मिस्त्रीला, मिस्त्री मालाला. वास्तविक नवा टर्बो बहुधा त्याच कारणाने मरतो ज्याने जुना मेला. तेलाची बारीक नळी आतून कोळशाने अर्धी बुजलेली असते आणि ती बदललेली नसते. जुन्या चाकाचे तुकडे इंटरकूलरमध्ये पडून असतात आणि तो धुतलेला नसतो. तेल परत नेणारी नळी वाकलेली असते. गॅसकेटऐवजी सिलिकॉनचा लेप लावलेला असतो, आणि त्याचा एखादा मणी सुटून तेलाच्या वाटेत अडकतो. आणि पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी बेअरिंगमध्ये तेल घालावयाचे असते, ते घाईत राहून जाते. कोरड्या दांड्याला त्या वेगात नाश पावण्यास काही क्षण पुरतात. यांतील एकही दोष कारखानदाराचा नाही, पण कोणता घडला आणि कोणता घडला नाही, हे सांगणारा कागदही नाही. सबब क्लेम नामंजूर होतो, आणि पुष्कळदा तो अन्यायानेही नामंजूर होतो. कारण ज्या मालकाच्या टर्बोत खरोखर घडणीचा दोष होता, त्याच्याकडेही पुरावा नसतो. मला सर्वांत अधिक दुःख या शेवटच्या मालकाचे होते.

कायद्याने त्याच्यासाठी काही केले नाही असे नाही. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने त्याला दिवाणी न्यायालयाच्या दीर्घ फेऱ्यांतून सोडविले. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुट्या भागांच्या बाजारावरील त्यांच्या पकडीबद्दल दोषी ठरवून २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड केला, आणि बाहेरच्या मिस्त्रीकडून काम करून घेतले एवढ्याच सरसकट कारणाने हमी रद्द करता येणार नाही असा हुकूम दिला. दंडाचा प्रश्न पुढे अपिलांत गेला, परंतु त्या हुकुमातील तत्त्व गाडीमालकाने पाठ करून ठेवण्याजोगे आहे. त्याचबरोबर दुसरी बाजूही त्याने जाणावी. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये असे ठरविले की नोंदणीतील तपशील कारखानदाराने दिलेल्या मूळ विनिर्देशाहून निराळे होतील असा बदल वाहनात करता येत नाही. मोडलेल्या टर्बोच्या जागी त्याच मापाचा दुसरा बसविणे ही दुरुस्ती आहे. ज्या गाडीत टर्बो नव्हताच, तीत तो घालून शक्ती वाढविणे ही निराळी गोष्ट आहे, आणि तेथे हमीच्या जोडीला नोंदणी आणि विमा हेही संकटात येतात.

२०२२ साली कोकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण पुरे झाले, आणि ज्या गाड्यांना कल्याणची डिझेल इंजिने ओढीत, त्या विजेवर गेल्या. परंतु टर्बो आता मालमोटारींवरून घरोघरीच्या पेट्रोलच्या लहान गाड्यांतही आला आहे, तेव्हा शेडमधल्या रीतीची गरज सरलेली नाही, ती घरोघरी पोहोचली आहे. टर्बोवरील क्रमांक पक्क्या बिलावर लिहून घ्यावा; जुना टर्बो भंगारात न देता हमीची मुदत संपेपर्यंत राखावा; तेल, फिल्टर आणि नळ्या बदलल्याची नोंद तारखेसह जॉबकार्डावर करवून घ्यावी; निकामी झालेला नवा टर्बो विक्रेत्याच्या माणसासमक्षच उघडावा, आणि तो येत नसल्यास त्याला लेखी कळवून छायाचित्रे काढून ठेवावीत. एवढे कागद हाती असले, तर ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगापुढे उभा राहणारा एकटा गाडीमालकही कारखानदाराच्या वकिलाला बसविण्याची चूक कोणती आणि घडणीचा दोष कोणता, हा प्रश्न तपशिलाने विचारू शकतो.