कापडी सेन्सर : धागा शाबूत, संकेत बंद

मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके कापसाचे, संत्र्यांचे आणि मराठीचेही. २०२३ मध्ये या दोहोंचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. सौंसर तालुक्यातील बोरगाव येथे १९९१ पासून रेमंडची गिरणी आहे. ही गिरणी ज्यासाठी ओळखली जाते, त्या वर्स्टेड लोकरी कापडाचा मोटारीच्या आसनाशी एक अनपेक्षित संबंध आहे. कापडाची झीज मोजणाऱ्या मार्टिंडेल यंत्रात नमुना ज्यावर घासतात, ते प्रमाणित कापड वर्स्टेड लोकरीचेच असते.

पोशाखाच्या कापडावर ९, तर आसनाच्या कापडावर १२ किलोपास्कल दाब देऊन ही घासणी चालते. विणलेल्या कापडाचे दोन धागे पूर्ण तुटले की ते झिजले असे मानतात. कापडी सेन्सरला मात्र हा निकष पुरत नाही.

अशा सेन्सरमध्ये बहुधा चांदीचा मुलामा दिलेला नायलॉनचा धागा असतो. वजन पडले की त्याच्या विद्युत गुणधर्मांत बदल होतो आणि आसनावर कोणी बसल्याचे यंत्रणेला कळते. सततच्या घर्षणाने व दुमडण्याने मुलाम्याला सूक्ष्म भेगा जातात, विद्युत रोध वाढतो. धागा तुटलेला नसतो, पण संकेत क्षीण होतो. चालकाशेजारच्या प्रवाशाने पट्टा लावला नसेल तर इशारा देण्याची सोय भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत सक्तीची आहे. आसन रिकामे आहे असा सेन्सरचा समज झाला, तर तो इशारा वाजणारच नाही.

घामातील क्षार आणि हवेतील गंधकाची संयुगे चांदी काळवंडवतात. गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेतही ही काळजी हवीच. पांढुर्ण्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा उन्हात बंद उभ्या मोटारीच्या आत उष्मा त्याहून पुष्कळ वाढतो. त्यात आसनाचा फोम हळूहळू दबतो आणि सेन्सरचे 'रिकामे' मापच सरकते.

सर्वांत नाजूक जागा मात्र कापडात नसते. मऊ धागा कठीण तारेला जोडला जातो, त्या सांध्यात असते. वाकण्याचा सारा ताण तेथेच एकवटतो. पोलादी तंतूंचा धागा गंजाला अधिक दाद देत नाही, पण तो चांदीइतका सुवाहक नसतो आणि सांध्याचा प्रश्न त्यानेही सुटत नाही. म्हणूनच घासणी, उष्मा व दमटपणा यांच्या चाचण्या चालू असतानाच रोध मोजत राहणे आवश्यक ठरते.