उरलेली मदिरा आणि सांठविलेलें फूल

नाशिककडील द्राक्षमद्य आतां शहरांतल्या कांहीं घरीं येऊं लागलें आहे. उघडलेल्या बाटलींत उरलेली मदिरा थोड्याच दिवसांत आंबट कां होते, याचें उत्तर फ्रान्सच्या लुई पाश्चरनें १८६६ सालच्या आपल्या ग्रंथांत दिलें. हवा लागली कीं सूक्ष्म जंतु मद्यार्काचें आम्ल करतात. म्हणून उरलेली मदिरा लहान बाटलींत कांठोकांठ भरावी, बूच घट्ट लावावें व ती थंड जागीं ठेवावी. तरीही ती फार दिवस टिकत नाहीं.

आमच्या सालेकसा भागांत हा प्रश्न निराळ्या रीतीनें सुटलेला आहे. १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यांत आणि त्यापूर्वीं भंडारा जिल्ह्यांत असलेला हा मुलूख मोहाच्या झाडांचा. येथें मद्य सांठवीत नाहींत, फूल सांठवितात. चैत्रांत पहांटे फुलें गळतात. मी शिक्षक असतांना त्या दिवसांत वर्ग निम्मा रिकामा असे. मुलें टोपल्या घेऊन झाडांखालीं गेलेलीं असत. मी प्रथम त्यांना रागें भरत असें. कारण पुढें समजलें. फुलें उन्हांत खडखडीत वाळवून कणगींत भरलीं कीं पावसाळ्याचे अडचणीचे दिवस निभतात. ओल शिरली तर मात्र कीड व बुरशी लागते. या फुलांत साखर विपुल. तीं भाजून, शिजवून खातात. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतील रानवस्त्यांना मोहाचा मोठा आधार झाला.

दारूकरितां तींच फुलें पाण्यांत आंबवितात. हा सडवा फार दिवस राहिला तर बाटलींतल्या मदिरेप्रमाणेंच आंबट होतो. म्हणून तयार होतांच तो भट्टीवर चढवितात.

सरकारला मात्र कणगींत अन्नाऐवजीं दारूच दिसली. शेजारच्या मुंबई इलाख्यांत १८९२ सालीं मोहफुलांसंबंधीं खास कायदा झाला. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत फुलांच्या व्यवहारावर सरकारी नजर बसली. स्वातंत्र्यानंतरही महाराष्ट्रांत फुलांचा सांठा व वाहतूक यांवर निर्बंध राहिले. ते शासनानें २०२१ सालीं उठविले. आबकारीचा इतिहास वाचतांना दारूच्या बाटलीइतकीच ही कणगीही ध्यानांत ठेवावी, एवढीच विनंती.